प्ले नेमका कुठे आहे? जुन्या ट्रॅक्टरच्या ढिल्या स्टेअरिंगचं विज्ञान

आमच्या चुलत्यांच्या जुन्या ट्रॅक्टरचं स्टेअरिंग फार ढिलं झालं होतं. चाक डावीकडून उजवीकडे फिरवायला घेतलं की आधी काही अंतर ते नुसतं रिकामं फिरायचं, मग कुठे पुढची चाकं हलायची. टेप लावून स्टेअरिंगच्या कडेवर मोजलं तर हे रिकामं अंतर, म्हणजेच प्ले, १६ सेंटीमीटर भरलं. चुलत्यांनी सगळे करतात तेच केलं. पाना घेतला आणि स्टेअरिंग बॉक्सचा, म्हणजे स्टेअरिंगच्या दांड्याखालच्या गिअरच्या पेटीचा, अ‍ॅडजस्टिंग स्क्रू आवळला. सरळ चालताना ट्रॅक्टर हाताला घट्ट वाटायला लागला. पण बांधाशी वळवताना स्टेअरिंग असं जड झालं, की दोन्ही हातांनी ओढूनही चाक वळेना आणि वळलेलं परत येईना.

असं का झालं हे समजून घेतलं, तर अशा दुरुस्तीत पहिला पाना कुठे लावायचा हेही कळतं.

आधी या १६ सेंटीमीटरचा रस्त्यावर काय अर्थ होतो ते पाहू. स्टेअरिंगचा व्यास ४० सेंटीमीटर धरला तर परीघ सुमारे १२६ सेंटीमीटर. म्हणजे १६ सेंटीमीटर हा फेऱ्याचा आठवा हिस्सा, ४५ अंश. स्टेअरिंग १५ अंश फिरवल्यावर पुढचं चाक १ अंश वळतं असं मानलं, तर चाकांना एकूण ३ अंशांची मोकळीक मिळाली, मध्यापासून दोन्ही बाजूंना दीड-दीड अंश. दीड अंश ऐकायला किरकोळ वाटतो. पण पुढच्या-मागच्या चाकांत १.८ मीटर अंतर असलेला ट्रॅक्टर दीड अंश वळलेल्या चाकांवर १० मीटर गेला, तर तो सरळ रेषेपासून जवळजवळ पाऊण मीटर बाजूला सरकतो. ताशी २० किलोमीटर वेगाने हे १० मीटर दोन सेकंदांच्या आत संपतात. गावाकडचा अरुंद रस्ता, समोरून येणारी एसटी आणि मागे भरलेली ट्रॉली डोळ्यांसमोर आणा. या आकड्याची मला खरोखर भीती वाटते.

आता हाच हिशोब उलटा करू. ड्रॉप आर्म म्हणजे बॉक्समधून बाहेर आलेला दांडा. तो चाकाकडे जाणाऱ्या लांब दांड्याला, म्हणजे लिंकला, ढकलतो. त्याची लांबी १५ सेंटीमीटर धरा. त्याच्या टोकाच्या बॉल जॉइंटमध्ये फक्त १ मिलिमीटर झीज झाली, तर ती भरून काढायला ड्रॉप आर्मला १ भागिले १५० रेडियन जास्त फिरावं लागतं. बॉक्समधले गिअर हा कोन १५ पट करून स्टेअरिंगपर्यंत पोचवतात. कडेवर तो २ सेंटीमीटर होतो. ज्या गिअरमुळे तुमचे हात हलके राहतात, तेच गिअर खालच्या प्रत्येक मिलिमीटरची झीज मोठी करून तुमच्या हातात देतात. त्यात ही साखळी आहे. बॉक्स, ड्रॉप आर्म, लिंकचं मागचं टोक, पुढचं टोक, चाकाचा आर्म, अशी प्रत्येक जागेची ढिलाई बेरजेत जाते. हाताला मात्र बेरीज एकत्रच जाणवते, आणि माणूस सगळा दोष डोळ्यांसमोरच्या बॉक्सवर टाकतो.

झीज होते कशी? इंग्लंडमधले संशोधक जॉन आर्चर्ड यांनी १९५३ साली मांडलेलं सूत्र साधं आहे: झिजणारा माल भार आणि घासलेलं अंतर यांच्या प्रमाणात वाढतो, पृष्ठभाग जितका कठीण तितका कमी होतो. ट्रॅक्टरच्या पुढच्या एक्सलवर भार सतत असतो. ढेकळांवरून जाताना प्रत्येक सांधा दिवसभरात हजारो वेळा थोडा थोडा हलतो. त्यात माती शिरते. वाळूतला क्वार्ट्झचा कण साध्या पोलादापेक्षा कठीण असतो, म्हणून बुशमध्ये, म्हणजे सांध्याच्या आतल्या नळीसारख्या अस्तरात, शिरलेली माती ग्रीसमध्ये मिसळून पॉलिश पेपरसारखं काम करते. ग्रीस गन मारताना आतलं काळं, खरखरीत ग्रीस बाहेर येऊन स्वच्छ ग्रीस दिसेपर्यंत मारत राहायचं ते याचसाठी. ग्रीस वंगण तर आहेच, ते आतली घाण बाहेरही ढकलतं. किंगपिन म्हणजे ज्यावर पुढचं चाक वळतं तो उभा खांब. त्याला ग्रीस मारताना पुढचा एक्सल जॅकवर उचलून घ्यावा. चाक जमिनीवर असताना भार घेणारी बाजू घट्ट दाबलेली असते, तिथे ग्रीस पोचत नाही. हे फार थोडे लोक करतात.

स्टेअरिंगच्या रचनेत मला सगळ्यात जास्त आवडतो तो फर्ग्युसन टीई २०. हॅरी फर्ग्युसन यांचा हा करडा ट्रॅक्टर १९४६ ते १९५६ या काळात इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीच्या बॅनर लेन कारखान्यात पाच लाखांहून जास्त संख्येने बनला. एडमंड हिलरी असेच ट्रॅक्टर घेऊन ४ जानेवारी १९५८ रोजी दक्षिण ध्रुवावर पोचले. त्याच घराण्यातला पुढचा मॅसी फर्ग्युसन ३५. १९६० साली चेन्नईत स्थापन झालेल्या टॅफे या ट्रॅक्टर कंपनीमुळे मॅसी हे नाव आपल्याकडेही रुळलं.

जुन्या मोटारींत साधारणपणे एक ड्रॉप आर्म असायचा आणि दोन्ही चाकं आपसांत टाय रॉड नावाच्या आडव्या दांड्याने जोडलेली असायची. टीई २० मध्ये तसं नाही. स्टेअरिंगच्या दांड्याच्या खालच्या टोकाला एक छोटा बेव्हल पिनियन (तिरक्या दातांचा लहान गिअर), आणि त्याला लागून डावा-उजवा असे दोन अर्धगोल गिअर. प्रत्येकाचा आपला ड्रॉप आर्म, आणि प्रत्येक आर्मपासून एक लांब लिंक आपापल्या बाजूच्या चाकापर्यंत. पुढचा एक्सल दोन्ही बाजूंना मागे झुकलेला असल्यामुळे पिकाच्या ओळींप्रमाणे चाकांतलं अंतर कमी-जास्त केलं तरी लिंकची लांबी बदलावी लागत नाही. ही कल्पना मला आजही सुंदर वाटते. पण हिची एक किंमत आहे. दोन चाकांना बांधणारा टाय रॉड नसल्यामुळे बॉक्समध्ये झीज झाली की दोन्ही चाकं आपापल्या मर्जीने डोलू शकतात. फायदा असा, की दोष शोधणं सोपं होतं. एकच चाक हलतंय आणि त्या बाजूचा ड्रॉप आर्म स्थिर असेल, तर त्या बाजूची लिंक किंवा आर्म ढिला. ड्रॉप आर्मही हलत असेल आणि स्टेअरिंग स्थिर असेल, तर ढिलाई बॉक्सची.

मॅसी ३५ मध्ये बेव्हल गिअरऐवजी स्क्रू आणि त्यावर चालणारा नट आला, आणि त्या दोघांमध्ये पोलादी गोळ्या. घासण्याच्या जागी गोळ्या घरंगळतात, म्हणून झीज कमी आणि स्टेअरिंग हलकं. गोळ्यांच्या खाचा खराब झाल्या की फिरवताना हाताला दाणेदार अडखळ जाणवते. ती जाणवली की स्क्रू आवळून काही उपयोग नसतो, बॉक्स उघडावाच लागतो.

चुलत्यांच्या ट्रॅक्टरपाशी शेवटी एक म्हातारे मिस्त्री आले. त्यांनी आधी बॉक्सकडे पाहिलंसुद्धा नाही. इंजिन बंद, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड, एक्सल जॅकवर उचलून खाली लाकडी ठोकळे. नुसत्या जॅकवर उभ्या ट्रॅक्टरखाली हात घालायचा नाही, हे त्यांनी आम्हा पोरांना दोनदा बजावलं. मग चाक वर-खाली धरून हलवलं. चाक डुगडुगलं. पण ही ढिलाई बेअरिंगची की किंगपिनच्या बुशची? त्यांनी चाकाचा हब आणि किंगपिनचा खांब यांच्यामध्ये एक बोट ठेवलं. फट उघडमीट होत असेल तर बेअरिंग, खांबासकट सगळंच हलत असेल तर बुश. बेअरिंग होतं. कॅसल नट आवळून पुन्हा किंचित सैल सोडला आणि नवी स्प्लिट पिन घातली.

मग मला स्टेअरिंग डावीकडे-उजवीकडे थोडं थोडं हलवायला सांगून ते प्रत्येक सांध्यावर हात ठेवत गेले. दोन हाडं एकमेकांवर सरकल्यासारखं बोटाला लगेच कळतं. लिंकची दोन्ही टोकं गेली होती. बॉल जॉइंटची पिन निमुळत्या भोकात घर्षणाने घट्ट बसलेली असते. ती काढायला त्यांनी पिनवर ठोकलं नाही. भोकाच्या दोन्ही बाजूंना दोन हातोडे एकाच वेळी मारले, तसं भोक क्षणभर ताणलं आणि पिन आपोआप सुटली. भोक लंबगोल झालं असतं तर नवा जॉइंटही ढिलाच राहिला असता. शेवटी ड्रॉप आर्मचा नट सापडला, तोही सैल. असा आर्म वेल्डिंगने पक्का करून देणारे असतात. कृपा करून ते करू नका. उष्णतेने पोलादाची ताकद बदलते, आणि स्टेअरिंगचा आर्म मोडला की वाहन कोणाच्याच ताब्यात राहत नाही.

आता चुलत्यांच्या स्क्रूकडे. ट्रॅक्टर बहुतेक वेळ सरळ चालतो. म्हणून बॉक्समधले दात मधल्या भागात जास्त झिजतात, टोकांचे दात जवळजवळ नवेच राहतात. मधली फट बंद होईपर्यंत स्क्रू आवळला, की वळणावर न झिजलेले दात एकमेकांत रुततात. कडेला जड होण्याचं कारण हेच. मिस्त्रींनी दोन्ही लिंक सोडवून बॉक्स एकटा फिरवून पाहिला, कारण जमिनीवरच्या चाकांचं घर्षण असताना बॉक्सची खरी घट्टी हाताला कळत नाही. मग चुलत्यांनी आवळलेला स्क्रू त्यांनी मागे सोडला. या टोकापासून त्या टोकापर्यंत कुठेही न अडता फिरेल इथपर्यंत, त्याहून पुढे नाही. मध्ये थोडा प्ले उरला, तो तसाच ठेवला. बॉक्समध्ये कोणीतरी तेलाऐवजी ग्रीस भरलं होतं. दात ग्रीसला बाजूला सारतात आणि ते परत वाहून येत नाही. ते काढून गिअर ऑइल भरलं.

सगळं जोडून पुन्हा टेप लावला. १६ सेंटीमीटरचे ४ उरले होते. जॉइंट बदलून ९ गेले, ड्रॉप आर्मच्या नटाने ३. उरलेले ४ तेवढे बॉक्सचे होते, आणि ज्या स्क्रूने आम्ही सुरुवात केली त्याला मिस्त्रींनी पुन्हा हात लावला नाही.