पार्श्वभूमी : लीन, ऑटोमेशन आणि तिसऱ्या साच्याचा जुना वाद

महापे, वसई, भिवंडीच्या कारखान्यांत हल्ली ‘लीन’ (वाया जाणारा वेळ, माल आणि श्रम कमी करण्याची पद्धत) आणि ‘इंडस्ट्री ४.०’ (यंत्रं सेन्सर आणि संगणकांनी जोडणं) एकाच कोटेशनमध्ये येतात. सल्लागार आधी फरशीवर पिवळे पट्टे मारून घेतो, मग मशीनवर सेन्सर बसवतो आणि दोन्हींचं बिल एकदम लावतो. ही जोडी नवीन आहे असं सांगितलं जातं. मुंबईपुरतं तरी ते खरं नाही. कमी माणसांत जास्त यंत्रं चालवण्याचा हा हिशेब इथे पूर्वी एकदा मांडला गेला होता आणि शहरातल्या गिरण्या सहा महिने बंद पडल्या होत्या. तेव्हा त्याला ‘रॅशनलायझेशन’ म्हणत.

१९२८ साली एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सुमारे दीड लाख गिरणी कामगार संपावर होते. मजुरी, दंड, कामाचे नवे नियम अशी कारणं बरीच होती, पण मुळाशी एका बड्या समूहाने आपल्या गिरण्यांत सुरू केलेली पद्धत होती. विणकराने दोनऐवजी तीन साचे (म्हणजे माग) बघायचे आणि कताई खात्यात यंत्राच्या एका बाजूऐवजी दोन बाजू. परदेशात एक माणूस जास्त माग सांभाळतो, मग इथेच का नको, असा मालकांचा सवाल होता. सवाल चुकीचा नव्हता, यंत्र चुकीचं होतं. मुंबईतले बहुतेक माग साधे. बाणा, म्हणजे आडवं सूत, तुटला तर ते थांबत, पण ताण्याचं, म्हणजे उभं, एखादं सूत तुटलं तर माग आपला खडखडत पुढे जाई आणि कापडात रेघ पडे. बाण्याच्या सुताची कांडी संपली की धोट्यात (ते सूत इकडून तिकडे नेणाऱ्या होडक्यात) नवी कांडी माणसानेच घालायची. म्हणजे तिसरा साचा दिला की ताण्याच्या सगळ्या सुतांवर तिसरा डोळाही विणकरानेच उघडायचा.

याच्या चारच वर्षं आधी, १९२४ मध्ये, जपानात टोयोडा घराण्याच्या कारखान्यात एक माग तयार झाला होता. ताण्याच्या प्रत्येक सुतावर एक पातळ धातूची पट्टी लटकवलेली असते. सूत तुटलं की पट्टी खाली पडते आणि माग जागच्या जागी थांबतो. धोटाही चालत्या मागात आपोआप बदलतो. त्यामुळे एक बाई डझनावारी माग सांभाळू शके, कारण तिला सगळ्यांकडे सतत बघावं लागत नसे. थांबलेल्या मागापाशी जायचं, सूत जोडायचं, पुढे निघायचं. १९२९ साली इंग्लंडमधल्या ओल्डहॅमच्या एका कंपनीने या मागाचे हक्क १ लाख पौंडांना घेण्याचा करार केला. मुंबईच्या गिरण्यांना पिढ्यान्‌पिढ्या यंत्रं पुरवणारी हीच ती कंपनी.

लीनची सगळी वंशावळ या पट्टीपासून सुरू होते. त्याच घराण्याच्या कापड कारखान्यात १९३२ मध्ये लागलेला एक तरुण १९४३ मध्ये त्यांच्या मोटार कंपनीत, टोयोटात, गेला आणि युद्धानंतर त्याने लेथवाल्यांना आधी दोन, मग तीन-चार मशीनं द्यायला सुरुवात केली. त्याचं नाव ताइइची ओनो, लीनच्या प्रशिक्षणाच्या दुसऱ्या स्लाइडवर त्याचा फोटो असतोच. १९५० साली त्याच कंपनीत मोठा संप झाला, सुमारे दोन हजार कामगार बाहेर पडले आणि अध्यक्षाने राजीनामा दिला, हे मात्र स्लाइडवर नसतं. जे कामगार उरले त्यांना नोकरीची शाश्वती मिळाली आणि त्या शाश्वतीवरच पुढची सगळी ‘सुधारणा’ उभी राहिली. आपल्याकडे सुधारणा आयात झाली, शाश्वती बंदरातच राहिली.

आता या आपोआप थांबणाऱ्या यंत्राच्या शब्दाकडे. जपानीत ‘जिदोका’ दोन प्रकारे लिहितात आणि उच्चार दोन्हींचा एकच. साध्या लिखाणात त्याचा अर्थ ऑटोमेशन. मोटार कंपनीने मधल्या अक्षराला ‘माणूस’ दाखवणारी खूण जोडली आणि अर्थ फिरला: बिघाड ओळखून स्वतः थांबणारं यंत्र. इंग्रजीत यासाठी ‘ऑटोनोमेशन’ असा शब्द घडवला गेला, जो छापताना मुद्रितशोधक हमखास ‘ऑटोमेशन’ करतो. मराठीत दोन्हींना ‘स्वयंचलन’ म्हणून आपण मोकळे झालो. काही पुस्तिकांत ‘मानवी स्पर्श असलेले स्वयंचलन’ असं येतं, ते साबणाच्या जाहिरातीसारखं वाटतं. चलन हा मुद्दाच नाही, थांबणं हा मुद्दा आहे. एक शब्द यंत्र आपोआप चालण्याबद्दल आहे, दुसरा ते आपोआप बंद पडण्याबद्दल. पहिल्यात माणूस कमी होतो, दुसऱ्यात माणूस पहाऱ्यातून सुटतो. टेंडरमध्ये दोन्ही एकाच ओळीत येतात आणि ती ओळ वाचून कामगारांचा प्रतिनिधी अस्वस्थ होतो, त्यात त्याचं काही चुकत नाही.

कायद्यालाही ‘रॅशनलायझेशन’ हा शब्द ठाऊक आहे. औद्योगिक विवाद कायद्याला १९५६ साली जोडलेल्या चौथ्या परिशिष्टात दहावी बाब अशी होती: कामगारकपात होण्याचा संभव असलेलं रॅशनलायझेशन, प्रमाणीकरण किंवा यंत्रतंत्रातली सुधारणा. असा बदल करायचा तर २१ दिवसांची नोटीस. पुढच्याच वर्षी त्रिपक्षीय श्रम परिषदेने तत्त्वं ठरवली की कपात करायची नाही, कामाचा बोजा नीट मोजायचा, आणि फायदा वाटून घ्यायचा. फायदा वाटण्याचं कलम पुढे कोणी फारसं उघडून पाहिलं नाही.

मधला काळ झटकन. १९६३ मध्ये विहार तलावाजवळ औद्योगिक अभियांत्रिकीची राष्ट्रीय संस्था आली (२०२३ पासून ती व्यवस्थापन संस्था झाली आहे), आणि वेळमापनाचं घड्याळ गिरणीबाहेरच्या कारखान्यांतही पोहोचलं. १९८२ च्या संपानंतर गिरणगाव ओसरत गेलं. त्याच दशकात अमेरिकेतली सर्वांत मोठी मोटार कंपनी रोबोंवर प्रचंड पैसा ओतत होती, आणि कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या तिच्याच जुन्या कारखान्यात १९८४ पासून जपानी भागीदार मामुली यंत्रांवर, जुन्याच कामगारांना घेऊन उत्तम गाड्या काढत होता. ‘लीन’ हे विशेषण १९८८ च्या एका लेखातलं, तेही त्याच कारखान्यात काम केलेल्या इंजिनिअरचं. गंमत म्हणजे २०१८ मध्ये अतिऑटोमेशन ही आपली चूक होती असं ज्या वीजमोटारवाल्याने कबूल केलं, त्याचा कारखाना फ्रीमाँटचाच, तोच.

इकडे कांदिवलीच्या ट्रॅक्टरवाल्यांना २००३ मध्ये गुणवत्तेसाठीचं जपानचं डेमिंग पारितोषिक मिळालं. ट्रॅक्टर उद्योगात ते जगात पहिलं. लहान उद्योगांसाठी केंद्राची लीन योजना २००९ मध्ये आली, २०२३ मध्ये नव्या रूपात, आणि तीत सल्लागाराच्या खर्चाचा ९० टक्के वाटा सरकारचा. ‘इंडस्ट्री ४.०’ हा शब्द २०११ च्या, जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या औद्योगिक जत्रेतला. त्यानंतर सगळ्यांनाच घाई झाली.

घाईत काय होतं ते वसई पूर्वेच्या एका गाळ्यात पाहिलं. सहा सीएनसी (प्रोग्रॅमवर चालणारी कापाई यंत्रं), त्यातली चार इतकी जुनी की बाहेर बोलायला फक्त आरएस-२३२ चं जुन्या पद्धतीचं पोर्ट. म्हणून जोडणाऱ्याने मशीनच्या डोक्यावरच्या लाल-पिवळ्या-हिरव्या दिव्यांतून सिग्नल घेतला. हिरवा म्हणजे चालू. भिंतीवरच्या टीव्हीवर मशीन किती वेळ चालू होतं त्याची टक्केवारी झळकू लागली आणि पंधरा दिवसांत ती सुंदर वाढली. रात्रपाळीला एक ऑपरेटर जॉब, म्हणजे कापायचा धातूचा तुकडा, न लावताच प्रोग्रॅम फिरवत होता. टूल हवेत, दिवा हिरवा. मशीन थांबलं की स्क्रीनवर कारण निवडायचं होतं, तर बहुतेक वेळा यादीतलं पहिलंच कारण यायचं, ‘टूल बदल’. मालक वैतागून म्हणाला, “इतकी टूलं तर मी विकतही घेतली नाहीत.” सेन्सरने काम चोख केलं होतं. पण त्या गाळ्यात मशीन थांबलं की पहिला प्रश्न ‘का बंद पडलं?’ नसून ‘कोणी बंद केलं?’ असा असे, आणि टीव्ही लागल्यावर तोच प्रश्न मालकाच्या फोनवरून घरबसल्या येऊ लागला. पुढे त्यांनी टीव्ही उतरवला, सेन्सर ठेवले आणि थांबण्याची कारणं ऑपरेटरकडूनच फळ्यावर खडूने लिहून घेतली. चिपा (कापताना निघणारा धातूचा कीस) अडकणं हे कारण यादीत नव्हतंच, फळ्यावर ते पहिल्याच आठवड्यात वर आलं.

कानबानचंही, म्हणजे कार्ड आल्याशिवाय पुढचा माल न बनवण्याच्या लीनमधल्या पद्धतीचंही, तेच. कार्डं मोजकी असतात म्हणून माल मोजका राहतो. संगणकात कार्डं कितीही निघतात, आणि गोदाम भरलं तरी स्क्रीन नीटनेटकी दिसते.

भिवंडीत अजूनही लाखो साधे यंत्रमाग आहेत. १ एप्रिल २०१७ रोजी तिथेच यंत्रमागांसाठी केंद्राच्या एका योजनेचा आरंभ झाला. तीत जुना माग भंगारात न काढता त्यावर काही जोडण्या बसवायला अनुदान होतं, आणि त्या यादीत ताण्याचं सूत तुटल्यावर माग थांबवणारी पट्टीची जोडणीही होती.