शाळा गेली, हजेरीपट राहिला

माजी विद्यार्थ्यांचा मेळावा म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर शाळेचे पटांगणच येते. तोच वर्ग, तेच बाक, फळ्यावर कुणीतरी रंगीत खडूने लिहिलेले ‘सुस्वागतम’ आणि समोर खुर्चीत बसलेल्या, आता थकलेल्या बाई. पण जिची इमारत परक्या मुलखात राहिली, तो मुलूखही एके दिवशी दारे लावून बसला आणि मुले जगभर पांगली, अशा शाळेच्या मुलांनी भेटायचे कुठे? चीनमधल्या चीफू शाळेच्या विद्यार्थ्यांपुढे हा प्रश्न होता. त्यांनी एकमेकांचा हात इतका घट्ट का धरून ठेवला, हे समजून घ्यायचे तर १८८१ सालापर्यंत मागे जावे लागते.

शांतुंग प्रांताच्या उत्तर किनाऱ्यावर यानताई नावाचे बंदर आहे. एकोणिसाव्या शतकात परदेशी लोक त्याला चीफू म्हणत. हडसन टेलर या इंग्रज मिशनऱ्याने १८६५ साली चायना इनलँड मिशन स्थापन केले. किनाऱ्यावरची बंदरे सोडून आतल्या प्रांतांत शिरायचे, हे या मिशनचे धोरण. १८७९ साली टेलर आजारी पडला आणि हवापालटासाठी चीफूला आला. समुद्राची हवा त्याला मानवली. तिथेच १८८१ साली मिशनऱ्यांच्या मुलांसाठी निवासी शाळा सुरू झाली.

गरज खरी होती. आईवडील आत कुठेतरी, जिथे पोचायला नदीतून, खेचरावरून आठवडेच्या आठवडे लागत. मुलांना शिकायला इंग्लंडला पाठवले तर कित्येक वर्षे भेट नाही. त्या मानाने चीफू जवळचे. पण हे ‘जवळ’सुद्धा किती लांब होते! दूरच्या प्रांतातल्या मुलाला वर्षातून एकदाच घर दिसे, कुणाला तेही नाही. सहा-सात वर्षांच्या मुलाचा ट्रंक भरून त्याला बोटीत बसवणाऱ्या आईचे मन काय म्हणत असेल, हा विचार माझी पाठ सोडत नाही. आपण देवाचे काम करतो, तेव्हा लेकरांची काळजी देव घेईल, अशी त्या पिढीची श्रद्धा होती. त्या श्रद्धेची किंमत मात्र मुलांनी मोजली. हे म्हटल्यावाचून या शाळेचा इतिहास सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

शाळा सर्वस्वी इंग्लिश वळणाची होती. ऑक्सफर्डच्या परीक्षा, क्रिकेट, होड्यांच्या शर्यती. ‘टाइम’ या अमेरिकन नियतकालिकाचा एक संस्थापक हेन्री ल्यूस आणि नाटककार थॉर्न्टन वाइल्डर हे दोघेही इथे शिकले. जन्माने चीनची आणि पासपोर्टने दुसऱ्याच देशाची असलेली ही मुले धड इथली नव्हती आणि तिथलीही नव्हती. आपल्याकडे माणूस मुंबईत जन्म काढतो, पण ‘गाव कुठलं?’ विचारले की साताऱ्याचे नाही तर मालवणचे नाव सांगतो. या मुलांना सांगायला चीफूखेरीज दुसरे गाव नव्हते.

८ डिसेंबर १९४१ रोजी जपान आणि ब्रिटन-अमेरिका यांच्यात युद्ध पेटले आणि जपानी सैनिक शाळेच्या आवारात आले. नोव्हेंबर १९४२ मध्ये शिक्षक आणि मुले यांना रांगेने गावातल्या टेंपल हिल या जागी नेऊन स्थानबद्ध केले. वाटेत मुले बायबलमधले ४६वे स्तोत्र गात होती. (त्यानंतर सुमारे महिन्याभराने, ९ डिसेंबरला, शेजारच्या हपै प्रांतात सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांनी देह ठेवला. त्याच युद्धाची ही दुसरी बाजू, आपल्याला जवळची.) १९४३च्या सप्टेंबरमध्ये सगळ्या शाळेची रवानगी वेईशिएनच्या छावणीत झाली. हे आजचे वेईफांग. एका जुन्या अमेरिकन मिशनच्या आवारात तिथे सुमारे दीड हजार माणसे कोंडलेली होती.

छावणीतही शाळा थांबली नाही. शिक्षक ट्रंकांवर बसवून शिकवत. मोठ्या मुलांनी तिथेच ऑक्सफर्डच्या परीक्षेचे पेपर लिहिले आणि युद्धानंतर ते मान्यही झाले. कॅल्शियम मिळावे म्हणून अंड्यांची टरफले कुटून मुलांना चमच्याने भरवत. कोळशाच्या भुकटीत माती कालवून मुली गोळे वळत आणि वाळवत. १९२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ४०० मीटरचे सुवर्णपदक जिंकलेला एरिक लिडल याच छावणीत होता. तो स्वतः इंग्लंडमधल्या मिशनऱ्यांच्या मुलांच्या शाळेत वाढलेला, त्यामुळे या पोरांचे दुखणे त्याला सांगावे लागत नसणार. मुले त्याला ‘अंकल एरिक’ म्हणत. आपले झिजलेले, दोऱ्यांनी सांधलेले धावण्याचे बूट त्याने स्टीफन मेटकाफ या चीफूच्या विद्यार्थ्याला दिले आणि त्यानंतर काही आठवड्यांतच, २१ फेब्रुवारी १९४५ रोजी, मेंदूतल्या गाठीने तो गेला.

माजी विद्यार्थ्यांना जोडून ठेवणे म्हणजे नक्की काय, हे सांगणारी माझ्या मते सर्वांत मोठी घटना इथेच घडते.

शाळेचे माजी विद्यार्थ्यांसाठी एक मासिक निघत असे. कुणाचे लग्न झाले, कुणाला मुलगा झाला, कोण कुठे बदलून गेला, अशा साध्या बातम्यांचे. जिम मूर हा अमेरिकन मिशनरी दांपत्याचा मुलगा चीफूला शिकून मायदेशी गेला होता आणि एफबीआयमध्ये नोकरीला होता. युद्धाच्या काळात ते मासिक त्याच्या हाती पडले. त्यात आपली शाळा, शिक्षक, मुख्याध्यापक कैदेत असल्याचे त्याने वाचले. त्याने नोकरी सोडली, नौदलात भरती झाला आणि तिथून अमेरिकेच्या हेरखात्यामार्फत चीनला जाण्याची खटपट केली.

१७ ऑगस्ट १९४५. जपानच्या शरणागतीची घोषणा होऊन दोनच दिवस झाले होते. वेईशिएनवर एक अमेरिकन बी-२४ विमान घिरट्या घालू लागले आणि पाचशे फुटांच्याही खालून सात छत्र्या उघडल्या. माणसे उतरली ती भिंतीबाहेरच्या ज्वारीच्या उभ्या पिकात. पहारेकऱ्यांच्या बंदुकांची पर्वा न करता कैदी फाटक ढकलून बाहेर धावले, पोरे अनवाणी धावली. त्या सातांमध्ये जिम मूर होता. शाळेचा एक जुना विद्यार्थी आपल्या मुख्याध्यापकांना सोडवायला आकाशातून उतरला. मासिकाचा तो अंक त्याच्यापर्यंत पोचला नसता तर छावणी सुटली असतीच, पण तो त्या विमानात नसता.

त्या दिवशी फाटकातून धावलेल्यांत बारा वर्षांची मेरी टेलर होती, हडसन टेलरची पणती. साडेपाच वर्षांत तिने आईवडिलांचे तोंड पाहिले नव्हते. सप्टेंबरमध्ये ती भावंडांसह त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली.

पुढची हकीकत थोडक्यात. शाळा १९४७ साली लुशानच्या डोंगरावर पुन्हा भरली, पण १९४९ साली सत्ता पालटली आणि १९५१ मध्ये मिशनऱ्यांबरोबर शाळेनेही चीन सोडला. चीफू हे नाव मलायातल्या कॅमेरॉन हायलँड्समध्ये गेले आणि तिथली शाळा २००१ साली बंद झाली. मागे उरला तो माजी विद्यार्थ्यांचा संघ आणि पत्त्यांच्या याद्या.

मेरी टेलर लग्नानंतर मेरी प्रिव्हाइट झाली आणि न्यू जर्सीच्या विधानसभेवर निवडून आली. १९९७ साली, निवडणुकीच्या धामधुमीत, चीन-ब्रह्मदेश-भारत आघाडीवर लढलेल्या जुन्या सैनिकांच्या मेळाव्याला ती गेली आणि तिने तिथे सात नावे वाचून दाखवली. त्या सभागृहात त्यांपैकी कुणी नव्हते. पण तिथून धागा मिळाला आणि तिने फोनांचा सपाटा लावला. एकेक जण सापडत गेला. टाडाशी नागाकी, मूळ जपानी वंशाचा, नेब्रास्कात शेती करत होता. जिम मूर डॅलसला होता. जे हयात नव्हते त्यांच्या घरच्यांना तिने शोधले. फोनवरच्या आभारांवर तिचे भागले नाही. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाऊन तिने प्रत्येकाचा हात हातात घेतला.

पीटर ऑर्लिच हा सातांतलाच एक. तो तेव्हा हयात नव्हता, पण त्याच्या पत्नीने एक रेशमी तुकडा जपून ठेवला होता. सुटकेनंतर छावणीतल्या एका बाईने पॅराशूटच्या कापडावर त्या दिवसाचे दृश्य आणि सातही जणांच्या सह्या दोऱ्याने भरल्या होत्या आणि तो तुकडा पीटरला दिला होता.

सातवी सही दुभाषा वांग छंगहान याची. इतर सगळे त्याला एडी म्हणत. त्याचा ठावठिकाणा काही केल्या लागेना. चीनमध्ये त्या नावाची माणसे किती असतील, विचार करा. तो २०१५ साली सापडला. पुढच्या वर्षी, ऐंशी ओलांडलेली मेरी विमानात बसली आणि गुइयांगला त्याच्या घरी गेली. तो नव्वदीच्या पुढचा. ज्वारीच्या शेतातल्या त्या दुपारीला तोवर ७१ वर्षे होत आली होती.