सान जेन्नारोची रक्तकुपी

इटलीतल्या नेपल्स शहराच्या कॅथेड्रलमध्ये चांदीच्या चौकटीत बसवलेल्या दोन गोल काचांच्या मध्ये एक जुनी कुपी आहे. तिच्यात गडद तपकिरी, जवळजवळ काळा दिसणारा एक पदार्थ आहे. हे सान जेन्नारोचं रक्त, असं नेपल्स मानतं. वर्षातून तीनदा ही कुपी लोकांसमोर आणतात: मे महिन्यातल्या पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशी, १९ सप्टेंबरला आणि १६ डिसेंबरला. आतला गोळा पातळ होऊन हलू लागला की पांढरा रुमाल फडकवतात आणि चर्चमध्ये टाळ्यांचा कडकडाट होतो. पुढच्या रांगेत बसायचा मान म्हाताऱ्या बायकांचा. स्वतःला संताच्या नातेवाईक म्हणवणाऱ्या या बायका मोठमोठ्याने प्रार्थना म्हणत असतात आणि रक्ताला उशीर झाला, तर संताला हक्काने खडसावतातही.

जेन्नारो हा बेनेव्हेंतोचा बिशप. सम्राट डायोक्लेशियनने ख्रिश्चनांचा छळ मांडला होता, तेव्हा इ.स. ३०५ च्या सुमारास पोत्सुओलीजवळ सोल्फातारा इथे त्याचा शिरच्छेद झाला, असं परंपरा सांगते. सोल्फातारा म्हणजे ज्वालामुखीचं विवर. तिथल्या जमिनीतून आजही गंधकाची वाफ निघते. त्याच्या आयुष्याबद्दलच्या बहुतेक कथा पुढे काही शतकांनी लिहिल्या गेल्या. मात्र त्याच्यावरची श्रद्धा खरोखरच जुनी आहे. नेपल्सच्या भुयारी दफनभूमीत पाचव्या शतकातलं त्याचं भित्तिचित्र आहे. १६३१ साली शहराजवळच्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा भीषण उद्रेक झाला, तेव्हा लोकांनी त्याचाच धावा केला. १६ डिसेंबरचा दिवस त्या उद्रेकाच्या आठवणीचा.

रक्ताची गोष्ट मात्र बरीच उशिरा सुरू होते. ते पातळ झाल्याची पहिली नोंद १७ ऑगस्ट १३८९ ची आहे, म्हणजे मृत्यूनंतर हजाराहून अधिक वर्षांनी. शास्त्रज्ञांना अडचण वाटते ती इथे. शरीराबाहेर आलेलं रक्त काही मिनिटांत साकळतं, कारण फायब्रिन नावाच्या प्रथिनाचं जाळं तयार होऊन त्यात रक्तपेशी अडकतात. ती गुठळी जोरात हलवून मोडता येईल, पण एकदा मोडली की पुन्हा आपोआप जमत नाही. कुपीतला पदार्थ तर शतकानुशतकं जमतोय, विरघळतोय आणि पुन्हा जमतोय.

कुपी उघडायला परवानगी नाही, शिवाय जुनी काच फुटण्याचा धोकाही आहे. १९०२ मध्ये काचेतून प्रकाश पाठवून वर्णपटाचा अभ्यास झाला, पुढे १९८९ मध्येही झाला. रक्ताला लाल रंग देणाऱ्या हिमोग्लोबिनच्या खुणा दिसल्याचं सांगण्यात आलं. पण जाड काच आणि आतला गडद पदार्थ यांतून आलेल्या प्रकाशावरून ठाम निष्कर्ष काढणं अवघड, हा आक्षेप मला रास्त वाटतो.

मग १९९१ मध्ये लुइजी गार्लास्केल्ली आणि त्यांच्या दोन इटालियन सहकाऱ्यांनी वेगळा मार्ग धरला. कुपीला हात लावता येत नाही ना, मग तसाच वागणारा पदार्थ आपण बनवू! आणि तोही चौदाव्या शतकातल्या कारागिराला जमेल अशा रीतीने. त्यांनी फेरिक क्लोराइडच्या द्रावणात हळूहळू खडूची भुकटी घातली, मिश्रणातले नको असलेले क्षार पातळ पडद्यातून पाण्यात निथळू दिले आणि शेवटी थोडं मीठ टाकलं. तयार झालं रक्ताच्या रंगाचं जेल. स्थिर ठेवलं तर तासाभरात घट्ट, हलकेच हलवलं की पातळ. ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात त्यांनी ही कृती प्रसिद्ध केली. यातलं फेरिक क्लोराइड व्हेसुव्हियससारख्या जागत्या ज्वालामुखीवर नैसर्गिकरीत्या सापडतं.

या गुणधर्माला थिक्सोट्रॉपी म्हणतात. जेलमध्ये लोहसंयुगाचे अतिसूक्ष्म कण एकमेकांना अगदी हलके धरून असतात आणि त्यांच्या जाळ्यात पाणी अडकलेलं असतं. धक्का बसला की जाळं सुटतं. ठेवून दिलं की कण पुन्हा एकमेकांना धरतात. टोमॅटो सॉसची बाटली आपण उलटी करून हलवतो ते याच जातीच्या गुणावर विसंबून.

आता सोहळा बारकाईने पाहा. रक्त पातळ झालं की नाही हे कळावं म्हणून कुपी पुन्हापुन्हा कलती करतात, उलटी करतात. जी कृती केवळ तपासण्यासाठी, तीच थिक्सोट्रॉपिक पदार्थाला पातळ करायला पुरेशी असते! कुणी फसवतंय असं मानायची गरजच उरत नाही. कुपी हातात धरणारा माणूस पूर्ण श्रद्धेने, पूर्ण प्रामाणिकपणे ती हलवत असतो. चौकटीची दुरुस्ती चालू असताना, कुणी प्रार्थना करत नसतानाही पदार्थ पातळ झाल्याच्या नोंदी आहेत. त्या या खुलाशाशी चांगल्या जुळतात.

अर्थात, तसाच वागणारा पदार्थ बनवता आला म्हणजे कुपीत तोच आहे हे सिद्ध होत नाही. त्यासाठी आतला एखादा थेंब लागेल. कॅथलिक चर्चनेही या घटनेला चमत्कार म्हणून अधिकृत मान्यता दिलेली नाही, फक्त भक्तीला मोकळीक दिली आहे.

कधीकधी रक्त पातळ होतच नाही, आणि मग शहर धास्तावतं. सप्टेंबर १९८० मध्ये तसं झालं. दोन महिन्यांनी, २३ नोव्हेंबरला दक्षिण इटलीतल्या इर्पिनियाच्या भूकंपात जवळपास ३,००० माणसं गेली. ज्यांनी आपली माणसं गमावली, त्यांनी या दोन तारखा जोडल्या, हे मी समजू शकतो. पण अपेनाइन पर्वताखालच्या खडकांत तो ताण कित्येक वर्षं साठत आला होता. त्या सप्टेंबरात रक्त पातळ झालं असतं, तरी तो कमी झाला नसता.