लॅटिन नगरनामे, ग्रीक मूळ असलेली

दक्षिण इटली व सिसिली येथे इ.स.पू. आठव्या शतकापासून ग्रीकांनी नगरे वसविली. त्यांची नावे रोमनांनी उचलली ती बहुधा बोलण्यातून, ग्रंथांतून नव्हे. नेआपोलिस (नेपल्स) जवळजवळ जसेच्या तसे राहिले; जुन्या उसनवारीची रूपे मात्र पालटली.

ही रूपे प्रथमेवरून नव्हे, तर सामान्यरूपाच्या प्रकृतीवरून बनली आहेत. तारास् (परंपरेने स्थापना इ.स.पू. ७०६) याची षष्ठी तारान्तोस्, त्यावरून तारेन्तुम. आक्रागास्, आक्रागान्तोस् (सु. इ.स.पू. ५८०) यांवरून आग्रिगेन्तुम. संस्कृतातील हिमवान्–हिमवन्तम् हा फरक याच जातीचा. ‘आ’चा ‘ए’ किंवा ‘इ’ होणे ही आद्याघाती (शब्दाच्या पहिल्या अक्षरावर आघात देणाऱ्या) प्राचीन लॅटिनची खूण होय. तालान्तोन्–तालेन्तुम (वजनाचे परिमाण) व मास्सालिया–मास्सिलिया (मार्सेय) ही तिची इतर उदाहरणे. त्यामुळे ही नावे बरीच आधी, बहुधा इ.स.पू. चौथ्या शतकापूर्वी, लॅटिनमध्ये रुळली असावीत. आग्रिगेन्तुममधील ‘ग’ मात्र ‘आगेर’ (शेत) या शब्दाच्या प्रभावाने आला की नाही, याविषयी एकमत नाही. अखेरचा ‘-उम’ द्वितीयेच्या ‘-आन्ता’ या रूपावरून आल्याचे काही मानतात. इटलीतील लाउरेन्तुमसारख्या नावांच्या धर्तीवर तो जोडला गेला, हे मत अधिक सयुक्तिक दिसते.

दक्षिण इटलीतील मालेवेन्तुम या नगरनावाचा वाद सर्वांत उद्बोधक आहे. ‘मालोन्’ (सफरचंद) या डोरिक (ग्रीकची एक बोली) शब्दाला ‘-वेन्त्’ प्रत्यय लागून हे नाव झाले, अशी एक व्युत्पत्ती आहे. हा प्रत्यय संस्कृत ‘-वन्त्’चा, म्हणजे मराठी गुणवंत, बलवंत यांतील ‘-वंत’चा, सगोत्र होय. नगर समुद्रापासून दूर, साम्नी या इटालिक लोकांच्या प्रदेशात असल्याने नाव स्थानिक असावे, हा प्रतिपक्ष. काही नाण्यांवरील ‘मालिएस्’ हा लेख या नगराचा मानून या प्रतिपक्षाला त्याचा आधार दिला जातो. ध्वनिदृष्ट्या पहिली व्युत्पत्ती निर्दोष आहे, तथापि तेथे ग्रीक वसाहतीचा पुरावा नाही. रोमनांना त्यात ‘माले’ (वाईट) ऐकू आले; इ.स.पू. २६८ मध्ये वसाहत स्थापताना त्यांनी त्याचे बेनेवेन्तुम (‘बेने’ म्हणजे चांगले) केले.

दक्षिण इटलीतील पोसेइदोनिया या ग्रीक नगराचे पाएस्तुम हे ग्रीक नावाचेच लुकानी (तेथील एका इटालिक जमातीच्या भाषेतील) रूप की स्वतंत्र नाव, हे अनिर्णित आहे. आग्रिगेन्तुमचे पुढे जिर्जेंती झाले. १९२७ मध्ये लॅटिनवरून आग्रिजेंतो हे नाव पुन्हा देण्यात आले.