मिशिगन वुल्व्हरीन्स, २००८ चा हंगाम
अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा २००८ चा हंगाम. नवे मुख्य प्रशिक्षक रिच रॉड्रिग्ज यांचा हा पहिलाच हंगाम. संघाने १२ पैकी ३ सामने जिंकले, ९ गमावले. विजयांपेक्षा पराभव जास्त, असे १९६७ नंतर प्रथमच घडले आणि सलग ३३ हंगाम बोल सामन्यात (हंगामाअखेरीस निवडक संघांत होणाऱ्या सामन्यात) खेळण्याची परंपरा खंडित झाली. एका हंगामात इतके पराभव या संघाने पूर्वी कधीच पाहिले नव्हते.

आधीचे मुख्य प्रशिक्षक लॉइड कार निवृत्त झाल्यावर वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाहून रॉड्रिग्ज यांना आणण्यात आले. त्यांची 'स्प्रेड ऑप्शन' पद्धत पळणाऱ्या क्वार्टरबॅकवर, म्हणजे आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूवर, बेतलेली. चेंडू हातात येताच तो बचावफळीच्या टोकाच्या खेळाडूकडे पाहतो. त्या खेळाडूला मुद्दामच कोणी अडवलेले नसते. तो आत धावकावर (चेंडू घेऊन पळणाऱ्या साथीदारावर) झेपावला, तर क्वार्टरबॅक चेंडू स्वतःकडे ठेवून बाहेरून पळतो. बचावाचा तो खेळाडू जागीच थांबला, तर चेंडू धावकाला मिळतो. मिशिगनकडे मात्र 'पॉकेट'मध्ये, म्हणजे साथीदारांच्या संरक्षक कड्यात, उभे राहून पास फेकणारे क्वार्टरबॅक घडत आले होते. क्वार्टरबॅक चॅड हेनी, धावक माइक हार्ट आणि आक्रमणफळीतला जेक लाँग यांचे महाविद्यालयीन खेळाचे दिवस संपले होते, तर क्वार्टरबॅक रायन मॅलेट आर्कान्सास विद्यापीठाला निघून गेला. उरलेल्या स्टीव्हन थ्रीट आणि निक शेरिडन यांच्याकडे या पद्धतीला लागणारा वेग नव्हता. या अपयशाचे मूळ तिथेच आहे. खेळाडूंनी जीव तोडून मेहनत केली नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल.

विस्कॉन्सिनविरुद्धचा सामना त्यांच्या मेहनतीची साक्ष देतो. मध्यंतराला ०-१९ असे पिछाडीवर असलेल्या संघाने घरच्या मैदानावर २७-२५ असा विजय खेचून आणला. मियामी (ओहायो) आणि मिनेसोटा हे उरलेले दोन विजय.

सर्वांत जिव्हारी लागला तो ११ ऑक्टोबरचा टोलेडोविरुद्धचा पराभव. मिड-अमेरिकन परिषदेच्या (विद्यापीठ संघांच्या एका दुय्यम गटाच्या) संघाकडून मिशिगन तोपर्यंत कधीही हरला नव्हता. मिशिगनचा एक पास टोलेडोने आपल्या गोलरेषेजवळ अडवला आणि थेट १०० यार्ड पळत जाऊन टचडाउन केला, म्हणजे चेंडू समोरच्या गोलरेषेपलीकडे नेला. शेवटच्या क्षणी मिशिगनने २६ यार्डांवरून मारलेला फील्ड गोल (खांबांमधून चेंडू लाथाडून मिळणारे ३ गुण) हुकला. तो साधला असता तर बरोबरी झाली असती. निकाल १३-१०. मिशिगन स्टेटनेही मिशिगनच्या घरी, अॅन आर्बरमध्ये येऊन ३५-२१ असे हरवले आणि अखेर ओहायो स्टेटने ४२-७ असा धुव्वा उडवला.

हंगामानंतर बचावाचे प्रशिक्षक स्कॉट शेफर यांना जावे लागले. रॉड्रिग्ज यांना आणखी दोन हंगाम मिळाले: २००९ मध्ये ५ विजय व ७ पराभव, २०१० मध्ये ७ विजय व ६ पराभव. जानेवारी २०११ मध्ये त्यांना काढून टाकण्यात आले. पुढच्याच हंगामात नवे मुख्य प्रशिक्षक ब्रेडी होक यांच्या हाताखाली संघाने ११ सामने जिंकले. त्या संघाचा क्वार्टरबॅक डेनार्ड रॉबिन्सन याला विद्यापीठात आणले होते ते रॉड्रिग्ज यांनीच.