क्षुल्लक अपाय, कलम 95 आणि धुऱ्याचा (शेताच्या बांधाचा) वाद : पार्श्वभूमी

क्षुल्लक गोष्टींची कायदा दखल घेत नाही, हे तत्त्व जुन्या लॅटिन सूत्रातून आले असले, तरी आपल्या फौजदारी कायद्यात ते स्थिरावले 1860 च्या दंडसंहितेतील कलम 95 मुळे. 1837 च्या मसुद्यासोबतच्या टिपणातच दुसऱ्याच्या शाईत लेखणी बुडवणे ही चोरी आणि घोड्यावरून जाताना कुणावर धुरळा उडवणे हा हल्ला ठरू शकेल, अशी उदाहरणे देऊन या तरतुदीची गरज दाखवली होती. सर्वसाधारण समजुतीचा व स्वभावाचा माणूस ज्याची तक्रार करणार नाही इतका अल्प अपाय, ही तिची कसोटी.

घोळ या ‘अल्प’पणातच आहे. मुंबईतील एका भांडणात फेकलेली कागदांची फाईल महिलेच्या कोपराला लागून ओरखडा उठला आणि प्रकरण थेट शेवटच्या अपिलापर्यंत गेले. शारीरिक इजा ‘अपाय’ या शब्दात मोडत नाही, हा युक्तिवाद 1966 च्या निकालात फेटाळला गेला आणि आरोपीची सुटका कायम राहिली; मात्र इजेचे स्वरूप, उभय पक्षांचे स्थान, हेतू किंवा जाणीव आणि भोवतालची परिस्थिती पाहूनच क्षुल्लकता ठरेल, तिचे कायमचे माप नाही, असेही त्यात स्पष्ट केले गेले. ओरखड्याचा दाखला सर्रास दिला जातो. हा उत्तरार्ध, जो माझ्या मते अधिक मोलाचा, मागे पडतो.

विदर्भातल्या खेड्यांत मात्र कामाचा हा उत्तरार्धच आहे. वखरणीच्या वेळी शेजाऱ्याने धुरा चार बोटे कोरला, तर त्या पट्टीत तुरीचे एक तासही, म्हणजे पेरणीची एक ओळही, मावत नाही. पण हेच दर हंगामात चालले आणि 1963 च्या मुदत कायद्यातील बारा वर्षे प्रतिकूल कब्जात (मालकाच्या हक्काविरुद्ध उघडपणे ठेवलेल्या ताब्यात) गेली, तर मूळ मालकाचा हक्कच जाऊ शकतो. शिवाय क्षुल्लकतेची ही तरतूद केवळ फौजदारीपुरती आहे, दिवाणी दाव्याला ती लागू नाही. पिकात शिरलेल्या गुरांसाठी तर 1871 पासून कोंडवाड्याचा स्वतंत्र कायदा आहे.

2007 च्या तंटामुक्ती मोहिमेनंतर असे वाद गावसमितीपुढे बसून मिटू लागले, ते चांगलेच झाले; परंतु तडजोड झाली म्हणून नुकसान क्षुल्लक होते, असा अर्थ काढला जातो, तो चुकीचा आहे. दंडसंहितेच्या जागी 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हीच कसोटी कलम 33 म्हणून आली असून अल्प अपायाची व्याख्या तिथेही दिलेली नाही.