देवमासा मासा नव्हे

‘देवमासा हा जगातला सर्वांत मोठा मासा’ हे वाक्य आपण शाळेपासून ऐकतो. नावातच मासा असल्यावर शंका तरी कशी यावी!

बडोदेकरांना मात्र पडताळणी सोपी आहे. कमाटीबागेतल्या संग्रहालयात निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे. तिथे जाण्याआधी स्वतःचा हात चाचपून बघा: दंडात एक हाड, कोपराखाली दोन, मग मनगटातली बारीक हाडं आणि बोटं. देवमाशाच्या पुढच्या पराचीही हीच मांडणी, फक्त दंड आखूड आणि बोटं लांब. वटवाघळाच्या पंखातही तीच. आता रोहूचा पर उलगडून पाहा. दंड-बोटं कुठेच नाहीत, नुसत्या काड्या. नुसतं पोहायचंच असतं तर बोटं कशाला? कारण देवमाशाचे पूर्वज चार पायांचे, जमिनीवर चालणारे होते. मागचे पाय गेले, पण कंबरेची छोटी हाडं कण्यापासून सुटी, मांसात अजून उरलीत.

शिवाय तो फुप्फुसांनी श्वास घेतो, पिलांना दूध पाजतो. शेपटीही माशासारखी डावी-उजवीकडे नाही, वर-खाली हलवतो.

मग सर्वांत मोठा मासा कोणता? व्हेल शार्क. तो सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ येतो.